तिसऱ्या गिअरमधला घाट

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. परतीच्या वाटेवर बोगदा असल्यामुळे हा घाट चढायचा तो जातानाच. या चढावर पेट्रोलवर चालणारी लहान मोटार दुसऱ्या गिअरमध्ये आणावी लागते, इंजिन ओरडू लागते, आणि पुढच्या मालमोटारीला ओलांडावे की नाही याचा विचार करता करता वळण येऊन ठेपते. २०१४ ते २०२१ अशी सात वर्षे माझ्याकडे एक डिझेलवर चालणारी हॅचबॅक होती. तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. ती हा घाट तिसऱ्या गिअरमध्येच, फारशी कुरकुर न करता चढत असे. उजवा पाय किंचित दाबला, क्षणभर थांबले, की आसनाची पाठ आपल्या पाठीला येऊन भिडे. हौसेला एवढे पुरत होते आणि महिन्याच्या हिशेबालाही ते परवडत होते. अशा मोटारी आता बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्या आल्या कशा आणि गेल्या का, याचा इतिहास फार लांबचा नाही. पण तो सांगताना आपलीही थोडी झडती होते.

डिझेल आणि हौस हे शब्द कधी एकत्र येतील असे आमच्या लहानपणी कुणी सांगितले असते तर ते थट्टा वाटले असते. डिझेल म्हणजे एसटी, डिझेल म्हणजे मालमोटार, डिझेल म्हणजे विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन. युरोपातही चित्र फारसे वेगळे नव्हते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले तेव्हा त्याचे कौतुक झाले ते काटकसरीसाठी. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे काम करून दाखवणे ही त्या काळी मोठीच मजल होती. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे आणि ठिणगीची गरज राहू नये, ही त्यामागची कल्पना. परंतु एवढा दाब सोसायचा तर इंजिन जाडजूड हवे, आणि जाडजूड इंजिन भरभर फिरत नाही. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आणली. ४५ अश्वशक्तीच्या या मोटारीवर प्रेम केले ते मुख्यतः टॅक्सीवाल्यांनी. पुढे कित्येक दशके डिझेल मोटार म्हणजे टॅक्सी हे समीकरण टिकले. आपल्याकडेही १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल आवृत्तीचे नशीब बरेचसे तसेच निघाले.

हे समीकरण मोडण्याची सुरुवात जर्मनीत झाली. फोक्सवागनची गोल्फ १९७४ मध्ये आली आणि १९७६ मध्ये तिची जीटीआय ही ११० अश्वशक्तीची पेट्रोल आवृत्ती निघाली. रोज कचेरीत जाण्याची मोटार आणि रविवारी मन रमवण्याची मोटार या दोन गोष्टी एकाच सांगाड्यात बसवता येतात, हे जीटीआयने लोकांना पटवले. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच गोल्फची ५० अश्वशक्तीची डिझेल आवृत्तीही आली. एकाच घरातल्या दोन भावांइतके हे इंजिनांचे स्वभाव वेगळे होते. १९८२ मध्ये डिझेल इंजिनाला टर्बो जोडून जीटीडी काढण्यात आली. तिची शक्ती ७० अश्वशक्ती, म्हणजे जीटीआयच्या पासंगालाही न पुरणारी. पण नावातली पहिली दोन अक्षरे मुद्दाम तीच ठेवली होती. बाळाचे बारसे आधी झाले, बाळ मागाहून जन्मले.

ते जन्मायला आणखी काही वर्षे लागली. १९८९ मध्ये ऑडी १०० मध्ये टीडीआय इंजिन आले. त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्या फवाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असे आणि जोडीला टर्बो होता. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल ही पद्धत अवतरली: इंधन आधीच प्रचंड दाबाखाली एका समाईक नळीत साठवायचे आणि हवे तेव्हा, हवे तेवढे सोडायचे. त्यामुळे डिझेलची ती प्रसिद्ध खडखड कमी झाली आणि फवारा एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडता येऊ लागला. २००३ साली श्कोडाने फाबिया व्हीआरएस काढली. ही त्या मोटारीची खास चपळ आवृत्ती, आणि ती केवळ डिझेल इंजिनातच मिळे! शक्ती १३० अश्वशक्ती. पण खरा आकडा होता ३१० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही मिनिटाला १९०० फेऱ्यांवर. टॉर्क म्हणजे चाकाला फिरवणारा पीळ. पहिल्या जीटीआयचा पीळ १४० न्यूटन-मीटर होता आणि तो मिळवण्यासाठी इंजिन ५००० फेऱ्यांपर्यंत पळवावे लागे.

या दोन आकड्यांतला फरक हाच माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. पेट्रोलवरची चपळ मोटार आपले गुण वरच्या मजल्यावर ठेवते. तिथवर जिने चढून जावे लागते. डिझेलची मोटार ते ओसरीवरच मांडून ठेवते. रोजच्या रस्त्यावर माणूस राहतो तो ओसरीवरच. पाचव्या गिअरमध्ये रमतगमत जाताना एकाएकी पुढची बस ओलांडायची असते, चांदणी चौकाचा चढ चढायचा असतो, मागच्या आसनावर तीन माणसे असतात. अशा वेळी तो पीळ कामी येतो. गावात लिटरला पंधरा-सोळा आणि महामार्गावर वीस किलोमीटर, हा माझ्या वहीतला हिशेब. तोटेही होते, आणि ते या जातीचेच. पुढचे नाक जड असल्याने वळणावर मोटार जरा उशिरा ऐके. क्लच जड, त्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळनंतर डावा गुडघा बोलू लागे. आणि १५०० फेऱ्यांच्या खाली टर्बो झोपलेला असे. चौकात दुसऱ्या गिअरमध्ये सुस्तावलेल्या मोटारीला उठवताना मागच्या रिक्षावाल्याने वाजवलेले भोंगे मी मोजणे सोडून दिले होते.

आपल्याकडे ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाने. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले आणि पुढे इतक्या मोटारींत शिरले की त्याला लोक राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. पुण्याजवळच्या रांजणगावला ते तयार होई. चाकणला फोक्सवागनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि तिथून २०१३ मध्ये पोलो जीटी टीडीआय निघाली: १०५ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर. जीटीडीची दूरची पुतणी म्हणावी अशी ही मोटार पुणे-नाशिक रस्त्यावर जन्मली, याचा पुणेकरांनी पुरेसा अभिमान बाळगला नाही असे मला वाटते. आम्हाला अभिमानासाठी इतर विषय पुष्कळ असतात.

मात्र या लोकप्रियतेमागे केवळ अभियंत्यांचे कौशल्य नव्हते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. पेट्रोलचे दर २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत, कारण डिझेल हे ट्रॅक्टरचे, एसटीचे आणि मालवाहतुकीचे इंधन. शेतकऱ्याच्या नावाने ठेवलेल्या या सवलतीच्या पंगतीत आम्ही हॅचबॅकवाले निमंत्रणावाचून जाऊन बसलो आणि वर ‘किती सुरेख ओढते’ असे म्हणत ढेकर दिली. युरोपातही अनेक देशांनी डिझेलवरचा कर कमी ठेवला होता, कार्बन डायऑक्साइड कमी निघतो म्हणून त्याला हिरवे इंधन ठरवले होते, आणि निम्म्याहून अधिक नव्या मोटारी डिझेलच्या झाल्या होत्या. त्याच २०१२ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. ती बातमी मी वाचली होती. दोन वर्षांनी मोटार घेताना ती मला आठवली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

मग सप्टेंबर २०१५ उजाडला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले की फोक्सवागनच्या डिझेल मोटारींतले सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखते आणि तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करते. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ते इंजिन होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोटारीच्या मागे उपकरणे बांधून, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून जे मोजले होते, त्यातून हे प्रकरण उघडकीला आले. भारतात पुण्याच्याच एआरएआय या संस्थेने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी दुरुस्तीसाठी बोलावल्या. भारतीय नियमांचा भंग झालेला नाही, असेही ती म्हणत राहिली.

या लबाडीला क्षमा नाही. पण तिच्या मुळाशी असलेली अडचण खरी आहे. सिलिंडरमध्ये ज्वलन जितके तापदायक तितकी काजळी कमी, पण नायट्रोजन ऑक्साइड जास्त; ज्वलन थंड करावे तर काजळी वाढते. दोन्ही आवरायचे तर मोटारीला रासायनिक कारखानाच जोडावा लागतो. काजळीची गाळणी स्वतःला साफ करण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ तापावी लागते, आणि रोजची मोटार तर घर, शाळा, मंडई असे तीन किलोमीटर हिंडते. म्हणजे जिच्यासाठी ही मोटार सोयीची मानली गेली, ती रोजची रपेटच तिला मानवत नव्हती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. लहान मोटारीच्या किमतीत हा कारखाना बसेना. मारुतीने डिझेल सोडले, पोलोचे डिझेल गेले, १.३ मल्टिजेटही गेले.

माझी मोटार बीएस-४ काळातली. तिला गाळणी नव्हतीच. हिवाळ्यात सकाळी पावणेसातला मी ती सुरू करून काच पुसत उभा राहत असे, इंजिन जरा तापावे म्हणून. दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न. तळमजल्यावरच्या आजी त्या वेळी खिडकीशी चहा घेत बसलेल्या असत. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. इंजिनाची खडखड सुरू झाली की हात लांब करून खिडकी लावून घेत, आणि मी गेल्यावर ती पुन्हा उघडत असाव्यात.