शेफील्डची झाडं आणि १७,५०० चा आकडा

तुमच्या घरासमोरच्या फुटपाथवर झाड असेल, तर एक गोष्ट तपासून बघा. ते कुणाच्या मालकीचं आहे, आणि ते तोडायचं ठरलं तर तुम्हाला कधी कळेल? इंग्लंडमधल्या शेफील्डच्या लोकांना याचं उत्तर मिळायला सहाएक वर्षं लागली, आणि पूर्ण उत्तर तर २०२३ साली आलं.

शेफील्ड हे पोलादाचं गाव. धुराने काळवंडलेल्या या शहरात व्हिक्टोरियन काळापासून रस्त्याकडेला लाइम, प्लेन, अ‍ॅश लावले गेले. रस्त्यांवरच अशी सुमारे ३५ हजार झाडं होती. रस्ते मात्र इतके खड्डेमय, की देशभर त्यांची थट्टा व्हायची. २०१२ मध्ये कौन्सिलने अ‍ॅमी या खासगी कंपनीशी २५ वर्षांचा, सुमारे २ अब्ज पौंडांचा करार केला. योजनेचं नाव 'स्ट्रीट्स अहेड'. रस्ते, फुटपाथ, दिवे, झाडं, सगळं एकाच करारात.

गोम इथेच होती. जुन्या झाडाची मुळं फुटपाथ उचलतात, कडेचे दगड हलवतात. आंदोलकांचा युक्तिवाद साधा होता: ठरलेल्या पैशात २५ वर्षं रस्ता सांभाळायचा असेल, तर ठेकेदाराला म्हातारं झाड परवडत नाही, रोपटं परवडतं. त्याआधी २००७ च्या सुमारास झालेल्या पाहणीत सुमारे १,००० झाडं काढायला सांगितली होती आणि १०,००० झाडांची निगा राखायला. बहुसंख्य झाडं प्रौढ किंवा त्याहून जुनी आहेत, असंही त्यात होतं. कौन्सिलने 'जुनं' याचा अर्थ 'मरायला टेकलेलं' असा घेतला. झाडाच्या बाबतीत हा अर्थ किती चुकीचा आहे, हे तुमच्या गावच्या वडालाही ठाऊक असेल.

लोकांनी आधी रीतसर मार्ग धरले. पत्रं, सह्यांची निवेदनं, कौन्सिलच्या बैठकांत प्रश्न. मुळांभोवती फुटपाथ थोडा वळवा, कडेचा दगड पातळ बसवा, असे उपाय कौन्सिलच्याच यादीत होते. मग तेच का करत नाही, एवढंच ते विचारत होते. २०१५ मध्ये कौन्सिलने स्वतंत्र वृक्ष समिती नेमली. घरटी एक प्रश्नावली जायची आणि उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा विरोध असेल तर प्रकरण समितीकडे. कागदावर चोख व्यवस्था. प्रत्यक्षात झाड वाचवा म्हणणाऱ्या बहुतेक शिफारशी कौन्सिलने बाजूला सारल्या.

१७ नोव्हेंबर २०१६. रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचच्या सुमारास पोलिसांनी दारं ठोठावून लोकांना गाड्या हलवायला लावल्या आणि आठ झाडं तोडली गेली. त्या झाडांबद्दलचा समितीचा अहवाल कौन्सिलने संकेतस्थळावर टाकला तो त्याच पहाटे, करवती सुरू होण्याच्या जेमतेम आधी. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायकांना अटक झाली. कलम कुठलं लावलं? १९९२ च्या कामगार संघटना कायद्यातलं २४१, ज्याची मुळं १८७५ च्या कायद्यात आहेत. तेही लेबर पक्षाच्या कौन्सिलच्या राज्यात, पोलाद कामगारांच्या शहरात! पुढे हे खटले सोडून द्यावे लागले.

आरे आठवलं ना? ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तिथेही १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा होता, वृक्ष प्राधिकरण होतं, हजारो हरकती नोंदवलेल्या होत्या. मेट्रोची कारशेड आणि फुटपाथ यांची तुलना मला ओढूनताणून करायची नाही, मेट्रोची गरज खरी होती. पण अंधारात काम उरकण्याची घाई मात्र ओळखीची वाटते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलने उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला. त्याचा भंग केला म्हणून ग्रीन पक्षाच्या नगरसेविका अ‍ॅलिसन टील यांना तुरुंगात पाठवा, अशी मागणी त्यांच्याच कौन्सिलने केली. ती फेटाळली गेली. यादीत चेल्सी रोडवरचा एल्मही होता, डच एल्म रोगातून वाचलेला, दुर्मीळ फुलपाखरांचं घर असलेला. वेस्टर्न रोडवरची काही झाडंही होती. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या तिथल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी १९१९ मध्ये लावलेली होती.

मार्च २०१८ मध्ये माहिती अधिकारातून कराराचा झाकलेला भाग बाहेर आला. २५ वर्षांत १७,५०० झाडं बदलायची, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे निम्मी. त्याच महिन्यात तोड थांबली, तोवर सुमारे साडेपाच हजार झाडं गेली होती.

मे २०२१ च्या सार्वमतात शेफील्डकरांनी कौन्सिलची नेता-मंत्रिमंडळ पद्धत सुमारे ६५ टक्के मतांनी मोडीत काढून समित्यांचा कारभार आणला. त्या रागात झाडांचा वाटा मोठा होता. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. कौन्सिलने लोकांची, समितीची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जूनमध्ये कौन्सिलने जाहीर माफी मागितली.

इतिहासाची कागदपत्रं चाळणं हा माझा पेशा, म्हणून या अहवालाबद्दल एक सांगते. तो जाडजूड आहे, पण वाचनीय आहे. एका आकड्याला कुणीच 'हा आला कुठून?' असं वेळेवर विचारलं नाही, तर तो एका अहवालातून दुसऱ्यात कसा सरकत जातो, ते त्यात पानोपानी दिसतं. चेल्सी रोडवरचा एल्म अजून उभा आहे.