कर्ड्याचा निवाडा

बहिष्काराचा इतिहास सांगताना आयर्लंडमधील कॅप्टन बॉयकॉटपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. ती घटना १८८० ची. शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने हेच शस्त्र त्याच्या सहा वर्षे आधी उपसले होते. वाळीत टाकणे आपल्याकडे नवे नव्हतेच; नवे होते ते हे, की या वेळी गावाने न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध निवाडा दिला. आजचा धागा त्या निवाड्याविषयी आणि त्यावर तज्ज्ञांनी दिलेल्या निकालाविषयी.

डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. गावाला मात्र ते वावगे वाटले. सावकारांच्या शेतात कोणी राबायचे नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, असे ठरले. सावकारांना आपला पसारा उचलून शिरूरला जावे लागले. हे पाहून आसपासच्या गावांनीही असेच ठराव केले. काही ठिकाणी ते लेखी झाले आणि जो मोडेल त्यालाही वाळीत टाकण्याची अट त्यांत घातली गेली.

पुढचा टप्पा १२ मे १८७५ चा. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुकाही त्याच भीमथडीचा भाग. बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची दुकाने लुटली, आणि मुख्य म्हणजे त्यांचे कागद जाळले. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. सावकाराने खते मुकाट्याने दिली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

कागदच का? येथे तज्ज्ञांकडे वळावे लागते.

या मुलखाचा शेतसारा ठरवण्याचा पहिला मोठा प्रयोग रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात केला. रिकार्डोच्या खंडसिद्धान्तानुसार प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असे गणित होते. कागदावर ते निर्दोष होते. प्रत्यक्षात मोजणी व आकडे सदोष निघाले, सारा झेपेना, आणि इंदापूरसारख्या तालुक्यांतील कुळे जमिनी टाकून निघून गेली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सिद्धान्त बाजूला ठेवून दर उतरवले, तेव्हा कोठे पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

दुसरे उदाहरण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचे. कर्जखत तीन वर्षांनंतर न्यायालयात चालणार नाही, अशी तरतूद कुणब्याच्या रक्षणासाठी झाली. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा परिपाठ पाडला. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा देत राहिला आणि कर्ज आपोआप फुगत गेले. रक्षणाचा कायदाच फास झाला. गावकऱ्यांना मुदतीचा कायदा समजत नसेल, पण फास कोणत्या कागदाचा आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. म्हणून आग बहुतेक ठिकाणी दप्तरालाच लागली.

मग साऱ्याची फेरआकारणी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली होती, तरीही १८६७ मध्ये इंदापुरात आणि पाठोपाठ भीमथडीत दर बरेच वाढले. पुणे सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून १८७३ मध्ये याविषयी अहवाल काढला. ही सभा म्हणजे केवळ शहरी विद्वानांची मंडळी नव्हे. निदान ५० माणसांचे मुखत्यारपत्र असल्याखेरीज तिचे सभासद होता येत नसे. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात प्रतिनिधित्वाची ही विलक्षण सोय होती. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली: तालुक्यावर ३३, गावावर ६६ आणि एका खातेदारावर १०० टक्के. मर्यादा एवढी, तर आधीची वाढ केवढी असेल!

दंगलींनंतर नेमलेल्या आयोगाने साक्षी घेतल्या, तक्ते जुळवले. १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की दंगलींचे मूळ सावकारीत व न्यायालयांच्या पद्धतीत आहे, साऱ्याच्या बोजात नाही. आयोगातीलच ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळी टिप्पणी लिहून सारापद्धतीवर बोट ठेवले. सरकारी मोजमापाचा दोष सरकारी आयोगाला दिसेना, यात मला नवल वाटत नाही.

पण गावाचा निवाडाही निर्मळ नव्हता. रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर राहिला. गावातले ब्राह्मण सावकार बहुतांशी सुटले. व्यवहार तोच असताना परक्याचे घर जळाले. यंत्रणा अचूक ओळखणारा समूह माणूस ओळखताना चुकतो, हे कर्डे-सुपे प्रकरण सांगताना पुष्कळदा वगळले जाते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात आयोगाच्या अभ्यासाचे चांगले फळ दिसते. न्यायाधीशाला खतामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, कर्जासाठी कुणब्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत गावपातळीवर समेट घडवणारे नेमले गेले. सावकारांनीही त्यावर उपाय काढला: गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले.