कारंजा ते बर्कले : एका ज्ञानयात्रेचा इतिहास

सुवर्णमहोत्सव हा केवळ हिशेबाच्या वह्या चाळण्याचा प्रसंग नसतो. आपण कोठून आलो आणि पुढे कोठे जावयाचे, याचा विचार करण्याचाही तो प्रसंग असतो. आज आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. मुलाची बॅग भरून झाली की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न डोकावतोच : गेलेले मूल विद्या घेऊन येईल, पण धर्म सांभाळील काय? हा प्रश्न आजचा नाही. त्याला दीर्घ इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्रातील एका लहानशा गावाचे स्थान फार मोठे आहे.

समुद्रापलीकडचा प्रश्न

जैन श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत सांगितले आहे. दाही दिशांना आपण किती अंतर जाऊ, याची मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवावयाची असते. समुद्र ओलांडणे हेच पाप, असे त्यात म्हटलेले नाही. उलट आपले प्राचीन कथावाङ्मय समुद्रपार जाणाऱ्या सार्थवाहांनी भरलेले आहे. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दूरदेशच्या सफरींचे वर्णन आहे. याच ग्रंथात एका मठाचेही वर्णन येते. तेथे लाट, कर्नाटक, माळवा, महाराष्ट्र अशा निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एकत्र राहून नाना शास्त्रे शिकत असतात. विद्येसाठी परमुलुखात जाणे ही आपल्या परंपरेला अपरिचित गोष्ट नव्हती, असे यावरून दिसते.

पुढील शतकांत मात्र समुद्रगमनाविषयीचे निर्बंध समाजात घट्ट झाले. १८८८ साली मोहनदास गांधी कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या मातोश्रींची शंका दूर केली ती मात्र एका जैन साधूने. बेचरजी स्वामींनी तरुण मोहनदासला मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मग आईने परवानगी दिली. पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजेच मुनी आत्मारामजी यांना आले. साधूच्या आचारामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. परदेशगमनाबद्दल सनातनी वर्गाने वीरचंदभाईंविरुद्ध वादळ उठविले, परंतु आत्मारामजी त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले. या दोन्ही प्रसंगी मार्ग दाखविला तो त्यागी साधूंनी. जाऊ नका, असे त्यांनी म्हटले नाही; व्रत बरोबर घेऊन जा, असे सांगितले.

कारंजाचा पाया

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या समाजाने शिक्षणाचे महत्त्व ओळखले. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या औदार्याने ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभी राहिली. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा आणि १९१५ मध्ये मुंबईचे महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. याच मालिकेत १९१८ साली विदर्भातील कारंजा येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. संस्थापक ब्रह्मचारी देवचंदजी पुढे मुनी समंतभद्र महाराज म्हणून सर्वांच्या आदरास पात्र झाले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारकपरंपरांची पीठे असलेले कारंजा हे हस्तलिखितांचे भांडारच होते. अमरावतीचे डॉ. हिरालाल जैन यांनी येथील अपभ्रंश ग्रंथ विद्वज्जगताच्या नजरेस आणून दिले.

या आश्रमात कर्नाटकातील मूडबिद्रीजवळच्या नेल्लिकार गावचा एक मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास शिकावयास आला. २३ ऑक्टोबर १९२३ रोजी जन्मलेल्या या मुलाची मातृभाषा तुळू. घर दिगंबर जैन. नाव पद्मनाभ. मराठी मुलुखात, घरापासून शेकडो मैल दूर, त्याचे बालपण संस्कृत-प्राकृताच्या पाठांतरात आणि आश्रमाच्या शिस्तीत गेले. पहिले 'परदेशी शिक्षण' त्याने येथेच घेतले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात त्यांचे पुढील शिक्षण झाले. नंतर अहमदाबादेस प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी संघवी यांचे मार्गदर्शन लाभले. १९४९ ते १९५१ या काळात ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकले. गोमंतकाचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी यांनीही याच परिवेणात पालीचे अध्ययन केले होते. काशी हिंदू विद्यापीठात अध्यापन केल्यावर १९५६ मध्ये पद्मनाभ जैनी लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी विद्या संस्थेत अध्यापक म्हणून रुजू झाले. तेथेच त्यांनी पीएच. डी. मिळविली. महापंडित राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात सापडलेला 'अभिधर्मदीप' हा बौद्ध ग्रंथ त्यांनी संपादिला आणि तो १९५९ मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झाला. जैन आश्रमात वाढलेल्या विद्वानाने बौद्ध दर्शनाचा ग्रंथ निष्पक्षपणे संपादन करावा, हे अनेकान्ताचेच आचरण नव्हे काय?

सार्वजनिक विद्यापीठाचे विश्व

१९६७ मध्ये डॉ. जैनी अमेरिकेस गेले. प्रथम ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात आणि १९७२ पासून बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले. १९९४ मध्ये ते तेथूनच निवृत्त झाले. ही दोन्ही विद्यापीठे धनिकांची खासगी संस्था नसून राज्याची, म्हणजे जनतेची, विद्यापीठे आहेत. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. त्यांच्या उत्पन्नातून शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांना शिकता यावे, अशी महाविद्यालये निघाली. १८६८ मध्ये स्थापन झालेले कॅलिफोर्निया विद्यापीठ या कायद्याचा लाभ मिळालेले आहे. शेती आणि यंत्रविद्या शिकविण्यासाठी दिलेल्या जमिनीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या विद्यापीठात पुढे प्राकृत आणि पाली शिकविली जावी, ही ज्ञानाच्या प्रवासाची नवलकथाच होय.

अशा विद्यापीठाचे बळ तीन गोष्टींत असते. पहिली गोष्ट ग्रंथालय. १९६२ पासून 'पी. एल. ४८०' योजनेखाली भारताने गव्हाच्या मोबदल्यात दिलेल्या रुपयांतून भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घेतली जाऊ लागली आणि ती निवडक अमेरिकी विद्यापीठांना जहाजाने पोहोचू लागली. ज्या योजनेचा गहू आपल्याकडील रेशनच्या दुकानांत आला, त्याच योजनेतून भारतीय भाषांतील ग्रंथ समुद्रापार गेले. दुसरी गोष्ट म्हणजे संशोधन आणि अध्यापन यांची सांगड. संशोधक विद्यार्थी शिक्षण-साहाय्यक म्हणून पदवीच्या वर्गांना शिकवितो. त्याबद्दल त्याला वेतन आणि बहुधा शुल्कात सवलतही मिळते. आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांचे शिक्षण या सोयीमुळेच पार पडले. तिसरी गोष्ट म्हणजे विषयांविषयीचा समभाव. बर्कलेच्याच मरे एमेनो यांनी थॉमस बरो यांच्यासह तयार केलेला द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉ. जैनींची मातृभाषा तुळू हिलाही सन्मानाचे स्थान आहे.

जैन विद्यार्थ्याला तेथे अडचणी नव्हत्या वा नाहीत, असे मात्र नाही. ॲन आर्बरला डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला हिवाळ्यात तास संपण्यापूर्वीच जेवण उरकावे लागते. पर्युषण आणि दशलक्षण पर्व नेमके नव्या सत्राच्या धांदलीत येते. ज्याची पूर्वतयारी पक्की असते, त्याला यातून वाट सापडते. बेचरजी स्वामींनी दिलेल्या प्रतिज्ञेचे मर्म हेच होते.

दोन ग्रंथांचे कार्य

पाश्चात्त्य विद्वानांनी जैन धर्माचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच सुरू केला होता. हर्मान याकोबी आदी जर्मन पंडितांचे ऋण आपण विसरू शकत नाही. तथापि त्यांचा भर मुख्यतः श्वेतांबर आगमांवर होता. डॉ. जैनींचा 'द जैन पाथ ऑफ प्युरिफिकेशन' हा ग्रंथ १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यात दिगंबर परंपरेचा आचार-विचारही तितक्याच साक्षेपाने इंग्रजी वाचकांपुढे आला. १९९१ मध्ये आलेल्या 'जेंडर अँड सॅल्व्हेशन' या ग्रंथात त्यांनी स्त्रीमुक्तीच्या प्रश्नावरील दिगंबर, श्वेतांबर आणि यापनीय आचार्यांचे वाद मूळ ग्रंथांतून अनुवादित केले. शाकटायन आणि प्रभाचंद्र या प्रतिपक्षी आचार्यांचे युक्तिवाद त्यांनी सारख्याच प्रामाणिकपणे मांडले. ज्या प्रश्नावर आपण घरात बोलतानाही अवघडतो, तो त्यांनी कोणाचाही अवमान न करता जगापुढे ठेवला. २५ मे २०२१ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पिढीने घातलेल्या पायावर पुढे इमारत चढली. लंडनच्या त्याच संस्थेत २००४ मध्ये जैन अध्ययन केंद्र सुरू झाले. फ्लोरिडाच्या एका सार्वजनिक विद्यापीठात २०१० मध्ये भगवान महावीर अध्यासन स्थापन झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अनेक शाखांतही तेथील जैन कुटुंबांच्या दानातून अध्यासने निघाली.

आपले कर्तव्य

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बर्कलेने डॉ. जैनींना ग्रंथालय, विद्यार्थी आणि मोकळीक दिली. परंतु त्यांची विद्या घडली ती कारंजाच्या आश्रमात, नाशिकच्या महाविद्यालयात आणि सुखलालजींच्या चरणांशी. परदेशी विद्यापीठ हे शिखर आहे. पाया येथेच घालावा लागतो. आज परदेशातील अध्यासनांना आपण निधी देतो आणि ते योग्यच आहे. पण तेथे शिकविण्यासाठी प्राकृत जाणणारा आपला विद्यार्थी कोठून येणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा कागदावर राहू नये, अशी इच्छा असेल तर घरोघरी आणि मंदिरोमंदिरी बांधून ठेवलेल्या पोथ्या उघडल्या पाहिजेत, जतन केल्या पाहिजेत आणि वाचता आल्या पाहिजेत.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शास्त्रदानाचे फळ सर्वांत उशिरा दिसते आणि सर्वांत दीर्घकाळ टिकते. अभियांत्रिकी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जशी आपण कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, तशी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला वा विद्यार्थिनीला प्राकृताच्या अध्ययनासाठी द्यावी, आणि परदेशी शिकून स्थिरावलेल्यांनी त्या निधीत आपला वाटा परत घालावा, अशी या सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाच्या विश्वस्तांना आणि समस्त श्रावक-श्राविकांना नम्र विनंती आहे. नेल्लिकारच्या एका मुलाला कारंजाने जवळ केले, म्हणून जगाला एक पंडित लाभला. असे दुसरे मूल कदाचित आजही आपल्याच पाठशाळेत बसले असेल.

जय जिनेंद्र.