१३१ नॉट

१२ फेब्रुवारी २००९, नेवार्क विमानतळ, अमेरिका.

पहाटे ३:१०. कॅप्टन कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या संगणकावर आहे. रात्र त्याने तिथेच काढली.

सकाळी ६:२३. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून सिएटलहून पोहोचते.

रात्री ९:१८. दोन तास उशिराने कोल्गन एअरचे उड्डाण ३४०७ बफेलोकडे निघते. क्यू-४०० विमान, आत ४९ जण. छोट्या विमानांच्या वेगदर्शकावर पांढरा, हिरवा, पिवळा पट्टा आणि लाल रेघ रंगवलेली असते. इथे पडद्यावर आकडे सरकतात. वेग फार कमी होऊ लागला की खालून लाल-काळा पट्टा चढतो. वेग त्याच्याही खाली गेला की पांढरे आकडे लाल होतात. बर्फाळ हवेसाठी एक स्विच आहे. तो लावला की हा इशारा जास्त वेगालाच मिळतो.

९:५३. सहवैमानिक उतरण्याचा वेग सांगते: ११८ नॉट. हा बर्फ नसतानाचा आकडा. माहिती मागवताना बर्फाचा उल्लेख राहून गेला होता. स्विच मात्र बर्फासाठी लावलेला. त्याला जुळणारा आकडा १३८. कॅप्टन हरकत घेत नाही.

१०:१०. काचेवर, पंखांच्या कडांवर बर्फ. दोघे त्यावर बोलतात, मग आपापल्या अनुभवावर. आकडा कोणीच पुन्हा तपासत नाही.

१०:१६. उंची २,३०० फूट, वेग सुमारे १८०. इंजिनांची शक्ती जवळजवळ किमान, चाके खाली. वेग उतरतो, उंची राखायला ऑटोपायलट नाक उचलत राहतो. लाल-काळा पट्टा चढतो. दोघांच्याही समोरच्या पडद्यावर.

१०:१६:२७. १३१ नॉट. कमी वेगाचा इशारा म्हणून कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरतो, ऑटोपायलट सुटतो. विमान अजून हवेवर पेललेले आहे. नाक खाली, पूर्ण शक्ती, एवढेच करायचे होते. कॅप्टन दांडा मागे ओढतो. शक्ती वाढवतो, पण पूर्ण नाही.

१०:१६:३४. यंत्रणा स्वतः दांडा पुढे ढकलते. कॅप्टन पुन्हा मागे ओढतो.

१०:१६:३७. सहवैमानिक न विचारता पंखांचे फ्लॅप वर घेते.

१०:१७ वाजायच्या आत विमान बफेलोजवळच्या क्लॅरेन्स सेंटरमधल्या एका घरावर कोसळते. विमानातले ४९ आणि घरातला एक जण मृत्युमुखी.

पुढच्या फेब्रुवारीत तपास अहवाल आला. त्यानुसार बर्फ होता, पण विमान पाडण्याइतका नव्हता. कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया; शिवाय घसरत्या वेगाकडे दोघांचेही लक्ष नव्हते.