काडु मल्लेश्वराच्या परिसरात

बंगळूरला उद्याननगरी म्हणण्याची रीत जुनी आहे. लालबागेचा आरंभ हैदरअलीने १७६० साली केला आणि कब्बन पार्कची आखणी १८७० मध्ये झाली, हे येथे वाढलेल्या आपल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु या नगरीच्या हिरवाईशी मराठी माणसाचे जे नाते आहे, ते आपल्याच घरांतून विस्मृतीत जात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बंगळूर १६३८ साली आदिलशाहीकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यामागून येथील सत्ता त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्या हाती आली. नगराच्या उत्तरेस मल्लपुर नावाचे खेडे होते. तेथील रहिवाशांनी देवस्थानासाठी साहाय्य मागितले, आणि एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवास इनाम दिले. १६६९ चा शिलालेख याची साक्ष देतो. तेच आजचे काडु मल्लेश्वर. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीच्या पेठांतील लोकांसाठी येथे नवी वसाहत उभी राहिली, तिने याच देवाचे नाव घेतले. तिच्या दोन मुख्य रस्त्यांची नावेही झाडांचीच : संपिगे म्हणजे आपला चाफा, आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब!

याच ओघात क्रुंबिगल यांचे स्मरण केले पाहिजे. हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ पासून बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. १९०८ मध्ये ते बंगळूरला आले. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कोणत्या ना कोणत्या रस्त्यावर बहर असावा, अशा बेताने त्यांनी झाडे लावविली. मराठी संस्थानात रुळलेला हात या नगरीस लाभला, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मल्लेश्वर मंदिरासमोर मोकळ्या जमिनीचा एक तुकडा कित्येक वर्षे दुर्लक्षित पडून होता. १९९७ मध्ये ती जमीन विकली जाण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी हरकत घेतली. जमिनीखाली काही असावे या विश्वासाने खोदकाम झाले, आणि मातीखालून एक अखंड कल्याणी, म्हणजे पायऱ्यांचे कुंड, बाहेर आले. दक्षिणमुखी नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते व तेथून कुंडात उतरते. हे तीर्थ सात हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे काही भाविक सांगतात. आम्हांस ते पटत नाही. घडण पाहता तीन-चारशे वर्षांचा काळ पुरेसा वाटतो. पण ज्या पाथरवटांनी ते घडविले, त्यांच्या हातांची थोरवी त्यामुळे उणावत नाही. शेजाऱ्यांनी त्या वर्षी हरकत घेतली नसती, तर त्या पायऱ्यांवर आज इमारतीचा पाया असता.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, कब्बन पार्कच्या संरक्षित हद्दीतून काही भूमी वगळण्याचा विचार शासनाने केला. तेव्हाही नागरिक रस्त्यावर उतरले. अलीकडे लालबागेत उन्मळून पडलेल्या वृक्षांची खोडे जळणास न देता शिल्पकारांच्या हाती सोपविण्यात आली, आणि त्यांतून कोरीव शिल्पे उभी राहिली.

मल्लेश्वरमला जाणाऱ्या मंडळींनी देवदर्शनानंतर समोरच्या तीर्थातही जावे. रस्त्यापेक्षा ते बरेच खाली असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पावसाळ्यात त्या निसरड्या असतात.