निळ्या रुळांचा सांधा



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने पोरांच्या आगगाडीवर बोलावयास उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु राजेरजवाड्यांच्या तरवारींना जसा इतिहास असतो, तसा खेळण्यांनाही असतो. आणि खेळणे हीदेखील अखेर कामगाराच्या हातून गेलेली वस्तू आहे. आजचा विषय आहे जपानची ‘प्लारेल’. प्लॅस्टिक आणि रेल हे दोन शब्द सांधून हे नाव केलेले आहे.

या गाडीचा उगम समजण्यासाठी १९४५ सालापर्यंत मागे जावे लागते. ऑगस्टात जपान शरण आले. टोकियो जळून गेले होते. कच्चा माल नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस ओत्सू येथे कोसुगे मात्सुझो या कारागिराने अमेरिकन सैनिकांनी टाकून दिलेल्या डब्यांचा पत्रा कापून त्याची लहानशी जीपगाडी बनविली. ती क्योटोत १० येनला विकली गेली. १९४७ साली खासगी निर्यातीची वाट पुन्हा उघडली आणि पत्र्याची खेळणी परदेशी जाऊ लागली. त्यांवर ‘व्याप्त जपानमध्ये बनविलेले’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असे.

तोमियामा एइइचिरो यांनी १९२४ साली टोकियोत काढलेला कारखाना याच धंद्यातला. पुढे तो टॉमी या नावाने प्रसिद्धीस आला. १९५१ साली त्याने पत्र्याचे मोठे बी-२९ विमान केले व ते परदेशी खूप खपले. ज्या विमानांनी सहा वर्षांपूर्वी टोकियो जाळले, त्यांचीच प्रतिकृती टोकियोच्या कामगारांनी घडवावी आणि तिच्यावर आपले पोट भरावे! इतिहास कधी कधी असा क्रूर विनोद करतो.

१९५८ च्या सुमारास जपानातच पॉलिएथिलीन तयार होऊ लागले. त्याच वर्षी त्याच्या नळीच्या हुला-हूप कड्यांनी सारा देश वेडा केला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५९ साली, टॉमीने प्लॅस्टिकचे निळे रूळ व हाताने ढकलावयाची आगगाडी यांचा संच बाजारात आणला. तोच प्लारेलचा जन्म.

या रुळांचे माप कसे ठरले, ते ऐकण्यासारखे आहे. जपानी घरात ‘चाबुदाई’ नावाचे बुटके मेज असे. त्याच्याभोवती कुटुंब जेवावयास बसे. रात्री त्याचे पाय मुडपून ते बाजूस ठेवले, की त्याच जागी अंथरुणे पडत. चाळीतल्या एका खोलीत ज्यांनी संसार पाहिला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावयास नको. या मेजावर मावेल असे वर्तुळ ठरविले: आठ वळणाचे रूळ जोडले, की सुमारे ४७ सेंटिमीटर व्यासाची वाट पुरी होते. श्रीमंताच्या दिवाणखान्याचे नव्हे, तर साध्या घरातल्या जेवणाच्या मेजाचे माप या खेळण्याला आहे.

१९६१ साली गाडीत मोटर आली. धातूच्या रुळांवरील विजेच्या खेळगाड्यांत वीज रुळांतून खेळवावी लागे. तो प्रकार महाग आणि नाजूक. येथे बॅटरी गाडीच्याच पोटात बसविली. रूळ केवळ वाट दाखवितो. म्हणून तो स्वस्त होतो आणि आपटला तरी बिघडत नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो–ओसाका शिन्कान्सेन सुरू झाली आणि त्याच वर्षी तिची ‘हिकारी’ प्लारेलवरही धावू लागली. खरी गाडी बारा डब्यांची, खेळातली तीनच डब्यांची. पण मुलांची काही तक्रार नव्हती. खऱ्या जपानी रेल्वेत जुन्या मार्गांचे रूळ १,०६७ मिलिमीटर अंतराचे आणि शिन्कान्सेनचे १,४३५ मिलिमीटरचे. एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जात नाही. प्लारेलमध्ये मात्र दोघींना एकच वाट.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक रुळाच्या एका टोकास जीभ आणि दुसऱ्या टोकास तिची खाच असते. हा सांधा १९५९ पासून बदललेला नाही. आजोबांचा रूळ नातवाच्या रुळाला आजही जुळतो. नवा माल खपावा म्हणून जुना निरुपयोगी करणे, ही व्यापाराची सर्वपरिचित युक्ती आहे. येथे ती वापरली गेली नाही. या इमानाचे श्रेय मालकाला अवश्य द्यावे, परंतु ते पाळतो कोण? पोलादी साचा घासणारा कारागीर! त्याचा हात किंचित चुकला, तर हजारो रूळ जुळावयाचे नाहीत.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. प्लॅस्टिक आले आणि पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा ओसरला. पत्रा कापणारे व ठोकणारे हात मागे पडले. १९८५ नंतर येन महागला, तसे खेळण्यांचे कारखाने कमी मजुरीच्या देशांकडे निघाले. प्लारेलही आज मुख्यतः व्हिएतनामात बनते. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पिढ्यानुपिढ्या टिकला; कामगाराला असा शब्द कोणी दिलाच नव्हता.

यंत्राला मी दोष देत नाही, आणि व्हिएतनामी कामगारांना तर मुळीच नाही. त्यांनाही पोट आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या काटेकोरपणाने रुळाचा सांधा जपता येतो, त्याच काटेकोरपणाने माणसांचे काम आणि मजुरीही जपता येईल. टोकियोत घडलेला जुना रूळ आणि व्हिएतनामात घडलेला नवा रूळ एखादे पोर जमिनीवर बसून सहज जोडते. ते घडविणारे दोन कामगार मात्र अजून जोडले जावयाचे आहेत. ते काम आमचे आहे.