मद्यपानाचा अपराध : उपद्रव की अवस्था?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात भर पेठेत कोणी झिंगून गोंधळ घातला, तर तो सर्वांस दिसतो. परंतु कायदा अपराध कशास मानतो, गोंधळास की झिंगण्यास? दीड शतकाहून अधिक काळात या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ५१० उपद्रवाकडे पाही. नशेत सार्वजनिक जागी येऊन दुसऱ्यास त्रास देणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद, दहा रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होत. नुसते प्यालेले असणे हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने हा तोल बदलला. त्याच्या कलम ८५ ने रस्त्यावर स्वतःस सावरू न शकणारा व गैरवर्तन करणारा यांच्या पंक्तीस, परवाना नसताना केवळ प्यालेला आढळणाराही बसविला. वर्तनाबरोबर अवस्थाही दंडनीय ठरली.

अवस्था सिद्ध करणे मात्र कठीण होते. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम बव्हंशी वैध ठरविला; पण मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बंदीतून वगळली. त्याच वर्षी मुंबईत एका जीपचालकाच्या तोंडास दारूचा वास आला. उच्च न्यायालयाने त्यास मद्यप्राशनाबद्दल दोषी धरले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. वास औषधाचा की निषिद्ध मद्याचा, हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर होता. यावर १९५९ च्या दुरुस्तीने तोड काढली : रक्तात ०.०५ टक्के वा अधिक मद्यार्क आढळल्यास, आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे दाखविण्याचा भार आरोपीवर आला. साक्षीदाराच्या नाकापेक्षा प्रयोगशाळेचा दाखला वजनदार ठरला.

रक्तातील प्रमाण प्रयोगशाळा सांगते. उंबरठ्यावर काय घडले, ते घरची स्त्रीच सांगू शकते. २००८ च्या शासकीय आदेशाने गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांना मतदानाने परवानाधारक दुकान बंद करविण्याचा अधिकार दिला. ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग या मतपत्रिकेतून रूढ झाला. तेथे कसोटी पुन्हा उपद्रवाचीच होती. फरक एवढाच, की निर्णय उपद्रव सोसणारीच्या हाती आला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ नेही त्रासाची अट राखली. दंडाची मर्यादा हजार रुपये झाली आणि समाजसेवेची शिक्षा नव्याने आली. महाराष्ट्रात कलम ८५ ही कायम आहे. एकाच पेठेत, एकाच माणसास हे दोन कायदे दोन वेगळे प्रश्न विचारतात : ‘काय केलेस?’ आणि ‘काय प्यालास?’ सोसणाऱ्यांना न्याय पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून मिळतो. दुसरा प्रश्न तेवढा विचारणे सोपे असते.